खोट्या गावातली खरी वाफ

डिस्नेलँडमध्ये शिरायचं तर आगगाडीच्या रुळांखालून जावं लागतं. कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथे 17 जुलै 1955 रोजी उघडलेल्या या उद्यानाभोवती मातीचा उंच बांध आहे. बाहेरचे रस्ते, विजेचे खांब, हॉटेलांच्या पाट्या आतून दिसू नयेत, एवढ्यासाठी तो घातला. बांधावर रूळ आणि रुळांवर वाफेची गाडी. तिकीट दाखवून झालं की गाडीखालच्या दोन लहान बोगद्यांपैकी एकातून माणूस आत येतो आणि पुढ्यात विसाव्या शतकाच्या आरंभीचं एक अमेरिकी गाव उभं असतं. बांध नजर अडवतो. आवाज त्याला पुरता अडवता येत नाही. म्हणून बाहेरच्या गोंगाटाला पुरून उरेल असा आतला एक आवाज लागतो, तो या गाडीच्या शिट्टीचा. आपण रांगेत असू, आइस्क्रीम खात असू, वाट चुकून भलत्याच कोपऱ्यात पोचलेले असू. थोड्या थोड्या वेळानं ती येऊन गाठतेच. गाडीची फेरी अठराएक मिनिटांची. तिची शिट्टी मात्र दिवसभराची आहे, आणि रसिकानं कान द्यावा असं त्या शिट्टीत बरंच काही आहे.

हे गाव खोटं आहे हे तिथे कुणी लपवत नाही. मेन स्ट्रीटवरच्या घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम लहान बांधलेत, त्यामुळे इमारती आहेत त्याहून उंच वाटतात. 1959 साली उभारलेलं मॅटरहॉर्न शिखर आतून पोलादी सांगाडा आहे. 1963 पासून टिकी रूममधले पक्षी ध्वनिफितीवर गातात, 1965 मध्ये अब्राहम लिंकन ध्वनिफितीवर भाषण करू लागले, 1967 पासून समुद्री चाचे ध्वनिफितीवर झिंगून गातात. हे सगळं अतिशय निगुतीनं केलेलं आहे आणि मी त्याला नाकं मुरडणार नाही. पण पहिल्या फेरीला जे घडतं तेच शेवटच्या फेरीला, तसूभर इकडेतिकडे नाही. बँडवाले आणि रस्त्यावरचे गायक सोडले तर त्या क्षणी, त्या जागी, माणसाच्या हातून निघणारे आवाज इथे फार थोडे. शिट्टी त्यांतली एक. बॉयलरमध्ये पाणी खरोखर उकळतं, वाफ खरोखर कोंडते, आणि दोरी ओढणारा हात ज्याचा त्याचा असतो.

शिट्टीची रचना साधी आहे. खाली एक वाटी, वर उपडी घंटा. वाटीच्या कडेला गोल फिरलेल्या बारीक फटीतून वाफ जोरात वर येते आणि घंटेच्या धारदार काठावर आपटून दुभंगते. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की आतली हवा गुणगुणते, तसा घंटेतला वायूचा स्तंभ कंप पावू लागतो. घंटा लांब असेल तर सूर खर्जातला, आखूड असेल तर चढा. वेल्समधल्या डाउलेसच्या लोखंडाच्या कारखान्यात एड्रियन स्टीफन्सनं 1833 च्या सुमारास ही युक्ती वापरली ती बॉयलरच्या राखणीसाठी. पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं की आरोळी उठावी म्हणून. आगगाडीवर ती नंतर चढली. पुढे अमेरिकेत घंटेच्या आत उभे पडदे घालून वेगवेगळ्या लांबीचे कप्पे करायला लागले. एकच वाफ, पण प्रत्येक कप्प्याचा सूर निराळा, आणि सगळे एकदम वाजणारे. सिनेमांतून आपल्या कानात बसलेली ती अमेरिकन आगगाडीची भरघोस, किंचित उदास हाक या अनेक सुरी शिट्टीची आहे. युरोपातल्या पुष्कळशा इंजिनांची एकसुरी, टोकदार किंकाळी ऐकून मग ही ऐकावी, म्हणजे फरक कळतो. किंकाळी माणसाला बाजूला हो म्हणते. ही हाक कुठेतरी दूर निघाल्याचं सांगते.

एकच लांब शिट्टी नीट ऐका. ती थेट सुरावर सुरू होत नाही. झडप उघडते तेव्हा दाब अजून भरायचा असतो, त्यामुळे सूर खालून, जरा श्वास मिसळलेला असा येतो आणि मग जागेवर चढतो. सगळे कप्पेही एकाच क्षणी बोलू लागत नाहीत. एक आधी धरतो, मग दुसरे येऊन मिळतात. मध्यभाग स्थिर. शेवटी दोरी सैल होते आणि सूर उतरत जातो. हा उतार कसा घ्यायचा ते ड्रायव्हरच्या मनगटावर. चटकन सोडली तर सूर तुटतो. हळू सोडली तर स्पष्ट मींड ऐकू येते, वरून खाली, मधल्या साऱ्या श्रुतींना स्पर्श करत. वाफेच्या काळातले अमेरिकन ड्रायव्हर ही कला मिरवत असत. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा केसी जोन्स 1900 साली अपघातात गेला आणि गाण्यांतून अमर झाला. पण त्याआधी रुळांकाठची माणसं त्याला ओळखत ती त्याच्या शिट्टीवरून. काही ड्रायव्हर स्वतःची शिट्टी स्वतः जमवत आणि इंजिन बदललं की ती काढून नव्या इंजिनावर चढवत. वाद्य वादकाबरोबर जायचं.

सकाळची पहिली शिट्टी तर आवर्जून ऐकावी. रात्रभर थंड झालेल्या नळीत वाफेचं पाणी होऊन साचलेलं असतं. दोरी ओढली की आधी ते पाणी उडतं, शिट्टी घसा खाकरते, गुळण्या करते, आणि मग कुठे सूर लागतो. मुद्रित आवाजाला घसा खाकरावा लागत नाही.

या गाडीचं मूळ वॉल्ट डिस्नेच्या लहानपणात आहे. मिझुरी राज्यातलं मार्सलीन हे गाव सांता फे रेल्वेच्या मुख्य मार्गावर. तिथे त्याची बालपणीची काही वर्षं गेली. त्याचा माइक मार्टिन नावाचा नातलग त्याच रेल्वेत ड्रायव्हर होता. पंधरासोळाव्या वर्षी वॉल्टनं गाडीत फिरून वर्तमानपत्रं, मिठाई, सोडा विकला. 1948 साली त्यानं वॉर्ड किमबॉल या आपल्या अ‍ॅनिमेटरला बरोबर घेतलं आणि शिकागोचं रेल्वे प्रदर्शन गाठलं. हा किमबॉल आणखी एक वेडा. घराच्या परसात त्यानं पूर्ण मापाची नॅरोगेज गाडी ठेवली होती. परतल्यावर वॉल्टनं लॉस एंजेलिसमधल्या घराभोवती स्वतःची रेल्वे टाकली: कॅरोलवूड पॅसिफिक. प्रमाण एकास आठ, रुळांमधलं अंतर सव्वासात इंच, इंजिनाचं नाव बायको लिलियनवरून 'लिली बेल'. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या 173 क्रमांकाच्या जुन्या इंजिनाच्या धर्तीवर ते स्टुडिओच्या यंत्रशाळेत रॉजर ब्रॉगीच्या देखरेखीखाली तयार झालं. लिलियनबाईंचे फुलांचे वाफे वाचावेत म्हणून रूळ बोगद्यातून नेले, आणि बोगदा इंग्रजी एस अक्षरासारखा वळवला, आत शिरताना पलीकडचा उजेड दिसू नये म्हणून. रुळांच्या जागेवरच्या हक्कासाठी नवरा-बायकोत चक्क कायदेशीर करारनामा झाला.

हा खेळ 1953 मध्ये थांबला. इंजिन घसरून उलटलं, वाफ सुटली आणि एक लहान मुलगी भाजली. वॉल्टनं इंजिन उचलून ठेवून दिलं. डिस्नेच्या चरित्रांतून ही हकिकत दोन ओळींत उरकलेली दिसते. मला ती महत्त्वाची वाटते. वाफ भाजते हे ठाऊक झाल्यावरही, दोन वर्षांनी उद्यान उभारताना त्यानं वाफच निवडली. पेट्रोलचं इंजिन लपवून वर धुराडं बसवण्याची सोय त्या काळीही होती. अमेरिकेतल्या जत्रांमधून तशा गाड्या फिरत होत्या.

पहिली दोन इंजिनं नवी घडवली. 'सी. के. हॉलिडे' आणि 'ई. पी. रिप्ले', सांता फे रेल्वेचा संस्थापक आणि तिचा एक अध्यक्ष यांच्या नावांची. घरच्या लिली बेलचे आराखडे पुढे ठेवून माप पाचपट केलं. सव्वासात इंचांची पाचपट म्हणजे जवळपास 36 इंच, 914 मिलिमीटर. आणि 36 इंच हे तर कोलोरॅडोच्या डोंगरांत चाललेल्या खऱ्या अमेरिकन नॅरोगेजचं माप. खेळण्याला पाचनं गुणलं आणि खरी रेल्वे निघाली. नेरळ-माथेरानचे 610 मिलिमीटरचे रूळ ज्यांच्या डोळ्यांत आहेत, त्यांना हे रूळ पाहून ही गाडी फार छोटी वाटणार नाही. लहान आहेत ते इंजिन-डबे. पूर्ण मापाच्या रेल्वेच्या पाच-अष्टमांश.

आता गंमत बघा. हाच पाच-अष्टमांशाचा नियम शिट्टीला लावला तर काय होईल? घंटेची लांबी पाच-अष्टमांश झाली की कंपनसंख्या आठ-पंचमांश होणार, म्हणजे सूर आठ स्वरस्थानं वर चढणार. जिथे षड्ज लागायचा तिथे कोमल धैवत लागेल. डोळ्याला घराचा वरचा मजला लहान करून फसवता येतं, कानाला तसं फसवता येत नाही. लहान शिट्टी ऐकली की कान तत्काळ सांगतो की हे खेळणं आहे. या उद्यानातल्या शिट्ट्या भरदार, अनेक सुरी आहेत. मोठ्या रेल्वेच्या घराण्यातल्या. डोळा पाच-अष्टमांशावर राजी होतो तो कानाला पूर्ण माप मिळालंय म्हणून.

दोन्ही इंजिनांची मांडणी एक आहे, पुढे चार लहान चाकं, मागे ओढणारी चार मोठी. पण हॉलिडेचं धुराडं लाकूड जाळणाऱ्या जुन्या इंजिनासारखं वर फुगलेलं आणि रिप्लेचं कोळशाच्या इंजिनासारखं सरळ. प्रत्यक्षात दोघांनी कधी लाकूड पाहिलं नाही आणि कोळसाही नाही. दोन्ही पहिल्यापासून तेलावर चालतात. 2007 साली सोयाबीनचं जैवइंधन आलं आणि पुढे उद्यानातल्या उपाहारगृहांत तळणीसाठी वापरून झालेलं तेल. म्हणजे धुराडं लाकडाचं सोंग करतं, पोटात बटाट्याच्या काचऱ्यांचं तेल असतं, आणि या दोन थापांच्या मधोमध असलेली वाफ तेवढी निखळ.

नंतरची तीन इंजिनं बाहेरून आणलेली, फिलाडेल्फियाच्या बॉल्डविन कारखान्यातली जुनी. 'फ्रेड गर्ली' 1894 चं, लुइझियानात ऊस ओढणारं. 1958 मध्ये इथे आलं. 'अर्नेस्ट एस. मार्श' 1925 चं, न्यू जर्सीत वाळू वाहणारं. 1959 मध्ये आलं. 'वॉर्ड किमबॉल' 1902 चं, त्याचा जन्मही लुइझियानाच्या उसासाठी. ते एकविसाव्या शतकात आलं. महाराष्ट्रातही साखर कारखान्यांच्या मळ्यांतून उसासाठी असेच अरुंद रूळ टाकलेले होते, त्यामुळे गर्लीचा पूर्वेतिहास आपल्याला परका वाटू नये. करमणुकीच्या बागेत येण्याआधी या इंजिनांनी घाम गाळलाय. मला स्वतःला गर्ली सगळ्यांत आवडतं. त्याला इंधन-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नाही. पाण्याची टाकी आणि इंजिन एकाच चौकटीवर, बुटकं आणि कामसू.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जाते, त्यामुळे उद्यान सदैव उजव्या हाताला. बऱ्याच डब्यांतली बाकं पुढे तोंड करून नाहीतच, उजवीकडे वळवलेली आहेत. आधी नेहमीच्या पद्धतीचे, अरुंद खिडक्यांचे पिवळे डबे होते. माणसं चढायला-उतरायला फार वेळ घेत, म्हणून 1974 मध्ये ते काढले. सोय म्हणून झालेला बदल, पण त्यानं प्रवासाचा प्रकारच बदलला. प्रवासी प्रेक्षक झाला. खिडकीची चौकट गेली, सबंध डब्याची एकच लांब चौकट झाली. आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं आणखी एक: पुढे तोंड करून बसलं की शिट्टी समोरून येते, आडवं बसलं की ती डाव्या कानात येते आणि उजवा कान त्या वेळी बाहेरचं उद्यान ऐकत असतो.

मेन स्ट्रीटहून निघताना चाकांचा ताल मोजावा. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जातो, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार हुंकार. निघताना ते सुटे सुटे ऐकू येतात, मग जवळ येत जातात. वेग ताशी फार तर सोळा किलोमीटर, त्यामुळे ते एकमेकांत पूर्ण मिसळून जात नाहीत. मोठ्या एक्स्प्रेसच्या इंजिनात जे पहिल्या मिनिटातच हरवतं ते इथे फेरीभर कानाला मिळतं. रुळांकाठी उभं राहणाऱ्यालाही या संथपणाचं एक बक्षीस आहे. शिट्टी वाजवत गाडी समोरून गेली तर येतानाच्या आणि जातानाच्या सुरात फरक पडतो. एवढ्या वेगाला तो सा आणि कोमल रे यांच्यामधल्या अंतराच्या निम्म्याला थोडा कमी. तयार कानालाच कळणारा, पण कळला की मौज वाटते.

पुढचं स्टेशन न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर, आणि इथे उतरून एक गाडी सोडून द्यावी असं माझं मत आहे. फलाटाशी पाण्याची टाकी आहे, इंजिन तहान भागवतं ते इथेच. उभं इंजिन गप्प असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याच्या बाजूला बसवलेला हवेचा पंप ऐकावा. ब्रेकसाठी हवा दाबून भरण्याचं त्याचं काम. मध्येच जागा होऊन धापा टाकतो आणि पुन्हा शांत होतो. बॉयलरचा दाब वाढला की वरची सुरक्षा-झडप फुसफुसून उघडते. या सगळ्यांत रुळांपलीकडच्या लहानशा स्टेशनघराच्या खिडकीतून आणखी एक आवाज येत असतो, कट-कटकट-कट. तारयंत्राचा. ही निव्वळ खडखड नाही. अमेरिकन रेल्वेच्या तारखात्यात चालणाऱ्या जुन्या मोर्स लिपीत, वॉल्टनं उद्घाटनाच्या दिवशी केलेल्या भाषणाच्या सुरुवातीच्या ओळी तिथे ठोकल्या जातात. या लिपीत पुंगीसारखा लांब-आखूड नाद नसतो. नुसते ठोके, आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून अक्षर ओळखायचं. ते ऐकून वाचणारी पिढी आता जवळपास संपली. रोज हजारो माणसं त्या खिडकीसमोरून जातात आणि भाषण कुणालाच ऐकू येत नाही.

इथेच, या फलाटावर, ही गाडी मला सगळ्यांत जास्त कळते. कारण शिट्टीसुद्धा लिपीच आहे. अमेरिकन रेल्वेच्या नियमपुस्तकांप्रमाणे एक आखूड म्हणजे ब्रेक, थांबा. दोन लांब म्हणजे ब्रेक सोडले, निघतो. दोन आखूड म्हणजे तुमचा इशारा पोचला. उभ्या गाडीनं तीन आखूड दिल्या तर ती मागे येणार. रस्त्याच्या फाटकाशी दोन लांब, एक आखूड, आणि मग आणखी एक लांब, इंजिन फाटकावर पोचेपर्यंत ताणलेली. तारयंत्राची ठोक्या-विरामाची भाषा आणि शिट्टीची लांब-आखूडाची, दोन्ही एकाच स्टेशनात शेजारी शेजारी बोलतात. तारेचा मजकूर सुंदर आहे, पण तो कुणाला पाठवलेला नाही. संपला की पहिल्यापासून सुरू होतो. शिट्टीचा मजकूर अगदी रुक्ष, निघतो, थांबतो, कळलं, एवढाच. पण तो कुणीतरी कुणालातरी, आत्ता, कामासाठी सांगत असतो. रुक्ष मजकुरात ड्रायव्हर आपली मींड टाकतो. भाषणाच्या फितीला ती टाकायची सोय नाही. खयालाच्या अस्ताईचे शब्द तरी कुठे फार मोठे असतात?

हे स्टेशनघरही बघण्यासारखं आहे. डिस्नेच्याच 'सो डिअर टू माय हार्ट' या चित्रपटासाठी उभारलेल्या स्टेशनाच्या धर्तीवर ते बांधलं. चित्रपटातलं मूळ घर वॉल्टनं किमबॉलला देऊन टाकलं होतं. नकलेची नक्कल, आणि तरी उद्यानातलं हे सगळ्यांत साधं, सगळ्यांत खरं वाटणारं बांधकाम.

इथून पुढे गाडी नदीकाठाला लागते. हा टप्पा 2017 च्या जुलैपासूनचा. 'स्टार वॉर्स'च्या नव्या विभागासाठी जागा काढताना गाडी दीड वर्ष बंद ठेवली, मार्ग आखूड केला, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा साठ वर्षांत प्रथमच ती डावीकडे वळली. तोवर ती कायम उजवीकडेच वळत आली होती. जुने शौकीन या कापाकापीवर नाराज झाले; मी त्यांच्या बाजूचा नाही. पूर्वी हा भाग झाडीत जरा हरवलेला होता. आता पुलावरून, खडक आणि धबधब्यांना लगटून, पाण्यावर तोंड काढून गाडी जाते. पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो, खडकाशी तो परत येतो. नदीत 'मार्क ट्वेन' ही चाकाची बोट फिरते. तिच्याही पोटात खरा बॉयलर आहे, तीही 1955 पासूनची, आणि तिलाही तिची शिट्टी आहे. दोन बॉयलर एकमेकांच्या टप्प्यात येतात अशी या उद्यानातली ही एकच जागा. बोटीची शिट्टी आणि गाडीची शिट्टी लागोपाठ ऐकू आली तर तो योग समजावा, त्यासाठी वेळापत्रक नाही.

टूनटाउनचं स्टेशन व्यंगचित्रातलं आहे, तिथे कानाला काही नाही. टुमॉरोलँडचं स्टेशन 1958 चं. भविष्यकाळाच्या फलाटावर बॉल्डविनचं एकोणिसाव्या शतकातलं इंजिन येऊन थांबतं हा विनोद बघण्यापुरता ठीक.

मग ग्रँड कॅन्यन. 1958 च्या मार्चमध्ये सुरू झालेला हा देखावा, अखंड कापडावर रंगवलेला, 93 मीटर लांब. गाडी बोगद्यात शिरते आणि उजवीकडे सबंध दरी उघडते, सकाळ, वादळ, इंद्रधनुष्य, संध्याकाळ. पार्श्वभूमीला फर्डे ग्रोफेच्या 'ग्रँड कॅन्यन स्वीट'चा गाढवाच्या टापांचा भाग. ही रचना 1931 सालची. आडव्या बाकांचं खरं सार्थक इथे होतं, कारण चित्र स्थिर आणि प्रेक्षक चालता. लगेच पुढे 1966 पासून डायनोसॉर. ते 1964-65 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या फोर्ड कंपनीच्या दालनातून आणलेले. देखाव्याला मी पुष्कळ गुण देतो, डायनोसॉरना कमी. लहान मुलं माझ्याशी सहमत होणार नाहीत. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: इथे वाद्यवृंद वाजतो, कान मुद्रित आवाजाच्या ताब्यात जातो आणि इंजिन पार पाठीमागे पडतं. खरी वाफ आपल्याला ओढून नेत असते आणि आपण तिला विसरलेलो असतो. बोगद्यातून बाहेर आल्यावर, मेन स्ट्रीटच्या अलीकडे, वाफेचे हुंकार परत कानावर पडतात तेव्हा ते आधीपेक्षा मोठे वाटतात. हा परिणाम कुणी ठरवून साधला असेल असं वाटत नाही, पण मांडणी अशीच हवी असं एखाद्या चांगल्या दिग्दर्शकानंही म्हटलं असतं.

याच मेन स्ट्रीट स्टेशनात उद्घाटनाच्या दिवशी वॉल्ट रिप्ले इंजिनाच्या कॅबमध्ये बसून आला, बरोबर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गुडविन नाइट आणि सांता फेचे अध्यक्ष फ्रेड गर्ली. गर्लींचं नाव पुढे इंजिनाला मिळालं ते असं. एवढ्यावर वॉल्टचा जीव भागला नाही. ही रेल्वे त्यानं डिस्ने कंपनीची होऊच दिली नाही. ती त्याच्या कुटुंबाच्या खाजगी कंपनीच्या मालकीची होती. कंपनीचं नाव रेटलॉ, वॉल्टर उलटं वाचलं की होतं ते. गाडीचे ड्रायव्हर तिच्या पगारावर असत. 1982 मध्ये, वॉल्ट जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, ही मालकी डिस्ने कंपनीकडे गेली. सबंध उद्यान भागधारकांना दिलेल्या माणसानं गाडी मात्र घरात ठेवली होती.

पुढच्या डिस्ने उद्यानांकडे पाहिलं की या निवडीची किंमत कळते. फ्लोरिडात 1971 ला उघडलेल्या उद्यानासाठी मेक्सिकोतल्या युकातानहून बॉल्डविनची चार जुनी इंजिनं शोधून आणली.  ही परंपरा शोभली. हाँगकाँगच्या 2005 च्या गाडीला मात्र धुराडं आहे, वळसेदार रंगकाम आहे, आणि आत डिझेल आहे. बॉयलरच नाही तर वाफेची शिट्टी कुठून येणार? शांघायला 2016 मध्ये उद्यान उघडलं त्याला भोवती गाडीच नाही.

अ‍ॅनाहाइमला कुणी जाणार असेल तर एवढं सांगेन: इंजिनाच्या लगतचा उघडा डबा पकडावा. गाडीत मुद्रित निवेदन चालू असतं, दोन स्टेशनांमधल्या गोष्टी सांगणारं. पुढच्या डब्यात इंजिन त्याला बोलू देत नाही. ड्रायव्हर बदलला की शिट्टीचा उतार बदलतो, म्हणून शक्य तर दोन वेगवेगळ्या वेळी बसावं, एकदा सकाळी, एकदा दिवे लागल्यावर. गाडीच्या शेवटी कधीकधी 'लिली बेल' नावाचा एक शाही डबा जोडलेला असतो, मखमल, रंगीत काचा, जपानचे सम्राट हिरोहितो 1975 मध्ये यायचे होते तेव्हा सजवलेला. इंजिनापासून सगळ्यांत लांब आणि चारी बाजूंनी बंद. त्यात बसायचं निमंत्रण कुणी दिलंच तर आभार मानून पुढचा उघडा डबा मागावा.